जॉन ब्रॅशियर : आरसे घडविणारा मिस्त्री

आकाशांतील एखादा नवा शोध लागला म्हणजे तो लावणाऱ्या ज्योतिषशास्त्रज्ञाचें नांव सर्वतोमुखीं होतें. परंतु ज्या दुर्बिणींतून त्यानें पाहिलें तिचा आरसा कोणी घासला, हें विचारणारा क्वचितच आढळतो. वास्तविक पाहतां मोठी दुर्बीण म्हणजे तिचा आरसाच होय. तिची नळी, चाकें, खांब आणि घुमट हीं सर्व त्या आरशाची चाकरी करण्यासाठीं असतात. आरसा खरा असला तर तारा सुईच्या टोंकासारखा रेखीव दिसतो. त्यांत यत्किंचित् खोट राहिली तर तोच तारा पिंजलेल्या कापसासारखा दिसूं लागतो.

असे खरे आरसे व खरीं भिंगें ज्यांच्या हातून घडलीं, अशा एका कारागिराचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. जॉन आल्फ्रेड ब्रॅशियर हें त्यांचें नांव. विश्वविद्यालयांत ते कधीं शिकले नाहींत. वयाच्या चाळिशीपर्यंत ते लोखंडाच्या कारखान्यांत मिस्त्री होते. असें असूनहि मोठमोठे शास्त्रज्ञ त्यांच्या दाराशीं आले. परंतु आम्हांस त्यांच्या चरित्रांत विशेष वाटतें तें निराळेंच आहे. जी विद्या त्यांना अतिशय महाग पडली ती त्यांनीं फुकट वांटून टाकली.

त्यांचा जन्म ता. २४ नोव्हेंबर १८४० रोजीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत, मोनोंगाहेला नदीच्या कांठीं वसलेल्या ब्राउन्सव्हिल ह्या लहान गांवीं झाला. वडील घोड्यांचीं खोगिरें करीत. आजोबा नॅथॅनियल स्मिथ हे घड्याळें दुरुस्त करीत. त्यांना आकाशाचें वेड होतें आणि नातवाला ताऱ्यांचीं नांवें त्यांनींच शिकविलीं. जॉन नऊ वर्षांचा असतांना एक गृहस्थ स्वतः केलेली दुर्बीण घेऊन गांवोगांव हिंडत होता आणि थोडे पैसे घेऊन लोकांस आकाश दाखवीत होता. इ. स. १८४५ सालीं पिट्सबर्ग शहरांत मोठी आग लागली होती, तिच्या राखेंत सांपडलेल्या कांचेचें त्यानें भिंग केलें होतें. आजोबांनीं नातवाला त्या दुर्बिणीपाशीं नेलें. मुलानें आधीं चंद्र पाहिला, नंतर शनि व त्याच्या भोंवतींचें कडें पाहिलें. तो क्षण जॉन जन्मभर विसरला नाहीं. जगांत अशी सुंदर वस्तु आहे आणि ती गरिबांच्या दृष्टीस पडत नाहीं, ही रुखरुख त्याच्या मनाला तेव्हांपासून लागली.

गरिबीमुळें शाळा लवकर सुटली. जॉननें इंजिनें बांधण्याच्या कारखान्यांत उमेदवारी केली आणि वयाच्या विसाव्या वर्षीं तो आपल्या कामांत तरबेज झाला. इ. स. १८६१ पासून पिट्सबर्ग येथें, जेथें तापलेलें लोखंड लाटून सळ्या व पत्रे करितात अशा कारखान्यांत, यंत्रें चालू ठेवण्याचें काम त्यांच्याकडे आलें. त्या शहराचें आकाश धुरानें काळवंडलेलें असे. तारे पाहण्याची हौस असणाऱ्या माणसाला ह्याहून वाईट जागा मिळणें कठीण. पुढल्या वर्षीं फीबी स्टुअर्ट ह्या बाईंशीं त्यांचा विवाह झाला. ह्या बाई शब्बाथशाळेंत शिकवीत असत. ब्रॅशियर यांची कीर्ति जितकी त्यांची स्वतःची, तितकीच ती फीबीबाईंची आहे, हें पुढें दिसून येईल.

पतिपत्नींनीं कामगारांच्या वस्तींत, टेकडीच्या उतारावर, एक लहानसें घर बांधलें. दुर्बीण विकत घेण्याचें सामर्थ्य नव्हतें, म्हणून ती स्वतः करावयाची असें दोघांनीं ठरविलें. घरामागची कोळसा ठेवण्याची खोली झाडून तिची कार्यशाळा केली. इ. स. १८७२ च्या सुमारास पांच इंच रुंदीचें भिंग करण्यास त्यांनीं आरंभ केला. दिवसभर कारखान्यांत राबावें, संध्याकाळीं अंग धुवून जेवावें, आणि मग मध्यरात्र होईपर्यंत दोघांनीं दिव्यापाशीं बसून कांच घासावी, असा क्रम सुरू झाला. काम संपत आलें असतां कांच फुटली. दुसरी आणून पुन्हां पहिल्यापासून सुरुवात केली. सुमारें तीन वर्षांनीं भिंग पुरें झालें; तें नळींत बसवून त्यांनीं माडीच्या खिडकींतून शनीकडे लाविलें. मग शेजाऱ्यांना हांका मारून त्यांना तें कडें दाखविण्यांत ती रात्र गेली.

नदीपलीकडे अ‍ॅलेघेनी येथें वेधशाळा होती व सॅम्युएल लँग्ली हे नामांकित शास्त्रज्ञ तिचे मुख्य होते. इ. स. १८७६ सालीं ब्रॅशियर आपलें भिंग रुमालांत गुंडाळून भीत भीत त्यांच्याकडे गेले. कारखान्यांतील मजुराला एवढा मोठा मनुष्य भेटेल काय, अशी त्यांना शंका होती. लँग्ली यांनीं तें भिंग उलटसुलट करून नीट पाहिलें, कामाची वाखाणणी केली, आणि ह्यापुढें आरशाची दुर्बीण करून पाहावी असा सल्ला दिला. हेन्री ड्रेपर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाचें १८६४ सालीं छापलेलें ह्या विषयावरील पुस्तकहि त्यांनीं वाचावयास दिलें.

येथें आरशाच्या कामाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पूर्वीं दुर्बिणींचे आरसे तांबें व कथील यांच्या पांढऱ्या मिश्रधातूचे करीत. ते जड असत, लवकर काळवंडत, आणि उजळावयाचे म्हटले कीं त्यांचा आकार पुन्हां घडवावा लागे. इ. स. १८५० नंतर कांचेचा आरसा करून त्यावर चांदीचा पातळ मुलामा देण्याची युक्ति निघाली. आमच्या घरांतील आरशाला चकाकी मागच्या बाजूनें असते. दुर्बिणीच्या आरशाला ती पुढच्या बाजूनें देतात. कांच केवळ चांदीला आधार देण्यासाठीं असते. चांदी काळी पडली तर ती धुवून नवी देतां येते. कांचेचा आकार जशाचा तसा राहतो.

हा आकार देणें हेंच खरें कसब आहे. कांचेच्या दोन जाड चकत्या घेऊन, मध्यें कुरुंदाची पूड व पाणी घालून, एक दुसरीवर मागेंपुढें घासतात. प्रत्येक वेळीं चकती थोडी फिरवितात व कारागीर स्वतःहि भोंवतीं फिरतो. अशानें वरची चकती मध्यें खोलगट होत जाते व खालची फुगीर. पूड उत्तरोत्तर बारीक घेत जातात. शेवटीं डांबराच्या थरावर लोखंडाच्या गंजाची अतिशय बारीक तांबडी पूड लावून कांच चमकेपर्यंत घासतात. इतकें झाल्यावर आरसा चेंडूच्या आंतल्या बाजूसारखा सारखा खोलगट होतो. परंतु सर्व किरण एकाच बिंदूंत आणावयाचे तर त्याची खोली मध्याकडे किंचित् वाढवावी लागते. बारा इंच रुंदीच्या आणि दहा फुटांवर किरण एकत्र आणणाऱ्या आरशांत हा फरक सुमारें एका इंचाच्या ८५,००० व्या भागाइतका असतो. साध्या कागदाच्या जाडीचे दोनअडीचशें पापुद्रे करितां आले तर त्यांतील एका पापुद्र्याएवढा हा फरक होय.

इतका बारीक फरक हाताला लागत नाहीं. मोजपट्टीला तर नाहींच. फूको नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५८ च्या सुमारास तो पाहण्याची एक सोपी रीत शोधून काढिली. आरसा उभा करून त्याच्या समोर दिव्यापुढें टांचणीच्या टोंकाएवढें छिद्र ठेवावयाचें, आणि आरशावरून परतलेला प्रकाश जेथें एकत्र येतो तेथें वस्तऱ्याचें पातें हळूच आडवें आणावयाचें. मग डोळ्याला आरशावर उजेड व सावली पडलेली दिसते. जणुं डोंगर आणि दऱ्याच उठून दिसतात. आरशाला क्षणभर बोट लाविलें तर बोटाच्या उबेनें तेथें उठलेला फुगवटाहि दिसतो. म्हणून घाईच्या माणसाचें हें काम नव्हे. थोडें घासावें, कांच निवूं द्यावी, पाहावें, आणि पुन्हां थोडें घासावें. एकदां जास्त घासलें गेलें तर कांच परत भरून येत नाहीं.

ब्रॅशियर यांनीं बारा इंचांचा आरसा करावयास घेतला. पुनः तोच क्रम. दिवसा कारखाना, रात्रीं कोळशाची खोली. कित्येक महिन्यांच्या श्रमानें आकार मनासारखा उतरला. आतां चांदी देणें एवढेंच राहिलें. त्या वेळच्या रीतीप्रमाणें हें काम उष्णतेच्या साहाय्यानें करावें लागे. मुलामा देत असतांना कडकन् आवाज झाला आणि आरसा तडकला.

दुसऱ्या दिवशीं ब्रॅशियर कामावर गेले खरे, परंतु त्यांचें मन ठिकाणावर नव्हतें. वय चाळिशीकडे झुकलेलें, अंग थकलेलें, पदरीं पैसा नाहीं. हा नाद सोडून द्यावा असें त्यांना वाटूं लागलें. संध्याकाळीं ते खिन्न मनानें घरीं आले. पाहतात तों कार्यशाळेंत दिवा लागलेला आहे. फीबीबाईंनीं खोली झाडून घेतली होती, लहानशा इंजिनाला तेल घालून त्याच्याखालीं विस्तव पेटविला होता, वाफ तयार होती, आणि कांचेची दुसरी चकती यंत्रावर चढविलेली होती. नवऱ्याची समजूत घालण्यासाठीं त्या बाईनें व्याख्यान दिलें नाहीं. तिनें विस्तव पेटवून ठेविला. ब्रॅशियर यांनीं अंगरखा काढून ठेविला व ते कामास लागले.

दुसरा आरसा पुरा झाला. परंतु त्याला चांदी देण्याची वेळ आली तेव्हां पहिल्याची आठवण त्यांच्या मनांतून जाईना. जुन्या रीतीनें काम करण्याचें धैर्य त्यांना झालें नाहीं. म्हणून निरनिराळीं द्रावणें करून, कांचेच्या तुकड्यांवर प्रयोग करीत करीत, कांच तापविल्याशिवाय तिच्यावर चांदी बसविण्याची एक रीत त्यांनीं सिद्ध केली. तींत चांदीचा क्षार, अमोनिया आणि साखरेपासून केलेलें एक द्रावण यांचा उपयोग होत असे. थोड्या वेळांत सर्व कांचेवर सारखा, चकचकीत व घट्ट मुलामा बसे, आणि कांच तडकण्याचें भय नसे.

ह्या ठिकाणीं वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. आरसे करणारा प्रत्येक मनुष्य अशा रीतीसाठीं पैसा देण्यास तयार झाला असता. ब्रॅशियर गरीब होते. सरकारांतून पेटंट घेऊन ती विद्या विकली असती तर त्यांस कोणी दोष दिला नसता. ह्या धंद्याची जुनी चाल तर ह्याहूनहि कडक होती. अठराव्या शतकांत जेम्स शॉर्ट नांवाचा स्कॉटलंडचा एक प्रसिद्ध कारागीर होऊन गेला. त्यानें तेराशेंहून अधिक दुर्बिणी केल्या व मोठी कीर्ति मिळविली. परंतु त्यानें आपली कृति कोणास कळूं दिली नाहीं. आणि १८६८ च्या शंभर वर्षें आधीं, म्हणजे १७६८ सालीं, मरण्यापूर्वीं त्यानें आपलीं हत्यारेंहि नष्ट करविलीं असें सांगतात. त्याचे आरसे राहिले. त्याची विद्या त्याच्याबरोबर गेली.

ब्रॅशियर यांनीं दुसरा मार्ग धरिला. इ. स. १८८० सालीं इंग्लंडमधील एका शास्त्रीय साप्ताहिकांत त्यांनीं आपली संपूर्ण रीत, कोणता पदार्थ किती घ्यावयाचा ह्या प्रमाणासह, छापून दिली. पेटंट घेतलें नाहीं, मोबदला मागितला नाहीं. ज्या अपघातानें आपलें काळीज फाटलें तो दुसऱ्या कोणावर येऊं नये, एवढेंच त्यांनीं पाहिलें असें आम्हांस वाटतें. पुढें सुमारें पन्नास वर्षें जगांतील बहुतेक वेधशाळांत ब्रॅशियर यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ह्याच रीतीनें आरसे उजळीत असत. इ. स. १९३० नंतर निर्वात पेटींत अ‍ॅल्युमिनियमचा थर देण्याची रीत निघाली, तेव्हां ती हळूहळू मागें पडली.

त्याच सुमारास त्यांनीं हौशी लोकांसाठीं आरसे करून देऊं अशी लहानशी जाहिरात एका नियतकालिकांत दिली. इतक्या मागण्या आल्या कीं दिवसाची नोकरी आणि रात्रीचें काम दोन्ही झेपेनात, आणि ते आजारी पडले. लँग्ली यांनीं त्यांची गांठ विल्यम थॉ नांवाच्या उदार धनिकाशीं घालून दिली. थॉ यांनीं पैशाचें साहाय्य केलें, आणि १८८१ सालीं ब्रॅशियर यांनीं कारखान्याची नोकरी सोडली. पुढें वेधशाळेजवळ नवी कार्यशाळा उभी राहिली. जावई जेम्स मॅक्डॉवेल हे त्यांचे उजवे हात बनले.

आतां त्यांची कीर्ति दूरवर पसरूं लागली. प्रकाशाचे रंग वेगळे करण्यासाठीं बाल्टिमोर येथील प्राध्यापक रोलंड हे धातूच्या पाटीवर एका इंचांत चौदा हजारांहून अधिक रेघा आंखीत असत. त्या पाट्या अगदीं सपाट असल्या तरच रेघांचा उपयोग. आणि त्या सपाट करण्याचें काम रोलंड यांनीं ब्रॅशियर यांच्या कार्यशाळेकडे सोंपविलें. कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेसाठीं वर्णपटदर्शक यंत्र तिनेंच केलें. कारागिराची कीर्ति अशीच असते. त्याच्या मालांतील चूक गिऱ्हाइकाला डोळ्यांनीं दिसत नाहीं. ती फक्त त्याला, पात्याआडून पाहतांना, सावलीच्या रूपानें दिसते. तेथें तो स्वतःशीं खोटें बोलला तर त्या वेळीं कोणास कळणार नाहीं; परंतु पुढें कोणी शास्त्रज्ञ रात्र रात्र जागून चुकीचा तारा पाहत बसेल.

ह्या खरेपणाचें एक फळ ब्रॅशियर यांच्या डोळ्यांदेखत आलें. जेम्स कीलर ह्या तरुण शास्त्रज्ञानें १८९५ सालीं अ‍ॅलेघेनी वेधशाळेंत, ब्रॅशियर यांनीं केलेलें यंत्र दुर्बिणीला जोडून, शनीच्या कड्याचा प्रकाश तपासला. कड्याची आंतली बाजू जलद व बाहेरची सावकाश फिरते असें त्याला आढळून आलें. सबंध पत्र्यासारखें कडें असतें तर ह्याच्या उलट झालें असतें. तेव्हां तें कडें एकसंध नसून असंख्य सुट्या कणांचा समुदाय आहे, हें प्रत्यक्ष सिद्ध झालें. शेहेचाळीस वर्षांपूर्वीं एका नऊ वर्षांच्या मुलानें आजोबांचा हात धरून जें कडें पाहिलें होतें, त्याचेंच रहस्य त्या मुलाच्या हातच्या यंत्रानें उकललें.

पुढें मान पुष्कळ मिळाले. इ. स. १८९८ ते १९०० पर्यंत त्यांनीं अ‍ॅलेघेनी वेधशाळेचें प्रमुखपद तात्पुरतें सांभाळलें. इ. स. १९०१ पासून १९०४ पर्यंत तेथील विश्वविद्यालयाचे हंगामी प्रमुख म्हणूनहि त्यांची नेमणूक झाली. जो कधीं विश्वविद्यालयांत शिकला नाहीं तो त्याचा प्रमुख झाला. इ. स. १९१५ सालीं पेन्सिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांनीं त्यांना त्या संस्थानांतील सर्वश्रेष्ठ नागरिक म्हणून निवडिलें. परंतु पिट्सबर्गचे लोक त्यांना जॉनकाका म्हणत, आणि तीच पदवी त्यांना शोभत असे. नवी वेधशाळा बांधण्यासाठीं त्यांनीं वर्गणी गोळा केली, तेव्हां सर्वसामान्य लोकांना तेथें विनामूल्य आकाश पाहतां यावें असा त्यांचा आग्रह होता. लहानपणची रुखरुख ते विसरले नव्हते. शाळाशिक्षकांना सुटींत अधिक शिक्षण घेतां यावें म्हणून हेन्री फ्रिक ह्या धनिकानें १९०९ सालीं मोठी रक्कम दिली, तिची व्यवस्थाहि त्यांनींच पाहिली.

इ. स. १९१० सालीं फीबीबाई वारल्या. त्यानंतर दहा वर्षें ते काम करीत राहिले. कॅनडांतील व्हिक्टोरिया येथील वेधशाळेसाठीं ७२ इंच रुंदीच्या आरशाचें काम त्यांच्या कार्यशाळेकडे आलें. ती कांच बेल्जममध्यें ओतली होती, आणि १९१४ सालीं महायुद्ध पेटण्याच्या थोडे दिवस आधीं ती तेथून निघाली म्हणून वांचली. मॅक्डॉवेल व त्यांच्या सोबत्यांनीं तो आरसा घडविला. १९१८ सालीं त्यानें आकाश दाखविण्यास आरंभ केला. ता. ८ एप्रिल १९२० रोजीं, वयाच्या एकुणऐंशिव्या वर्षीं, ब्रॅशियर यांचें देहावसान झालें. नव्या अ‍ॅलेघेनी वेधशाळेंत, त्यांच्या कार्यशाळेंत घडलेल्या आरशाच्या दुर्बिणीखालीं, तळघरांत पतिपत्नींच्या अस्थि शेजारीं शेजारीं ठेविल्या आहेत.

आमच्या खेड्यापाड्यांत आरसे घडविणारे नाहींत. परंतु सुतार आहेत, विणकर आहेत, शिंपी आहेत, शाळामास्तर आहेत. कोणाजवळ रोगावरचें गुणकारी मूळ असतें, कोणाजवळ हत्याराला पाणी देण्याची हातोटी असते. आणि पुष्कळ वेळां ती विद्या मालकाबरोबर मातींत जाते, कारण ती सांगितली तर आपली किंमत कमी होईल असें त्याला भय वाटतें. ब्रॅशियर यांनीं आपली कृति सर्वांना सांगितली, आणि तरीहि लोक त्यांच्याच दाराशीं आले. कारण कृति छापतां येते, पण खरेपणा व धीर हीं छापून देतां येत नाहींत. तीं ज्याच्या त्याला रोज नव्यानें कमवावीं लागतात. आणि ज्याच्या हातून आज कांहीं फुटलें असेल, त्याच्या घरांतील माणसांनीं फीबीबाईंची आठवण धरावी. बोल लावण्यापेक्षां, किंवा नुसतें सांत्वन करण्यापेक्षां, संध्याकाळीं तो घरीं येण्यापूर्वीं दिवा लावून विस्तव पेटवून ठेवणें हें अधिक उपयोगाचें आहे.